सौद्याला जातो

वेंकोजीराव सकाळी तोंड धुतलं की पंचा पिळायचे, आणि पिळून झाला की तोच पंचा पुन्हा एकदा पिळायचे. दुसऱ्या खेपेला त्यांचं लक्ष खालच्या फरशीकडे असायचं. फरशीवर थेंब पडला नाही तर ते पंचा झटकून दोरीवर टाकत आणि कामाला लागत. थेंब पडला तर तिथेच उभे राहत. उजव्या हाताची बोटं मिटून उघडून बघत, जसं एखादं जुनं कुलूप आपण उगाच दोनतीनदा लावून बघतो.

इंदिरा लग्न होऊन म्हैसूरला आली तेव्हा तिला वाटलं, म्हातारं माणूस आहे, नीटनेटकेपणाचा सोस असेल. ते फरशीवर काय शोधतात हे कळायला तिला महिना लागला. कळलं तेव्हा तिच्या पोटात जी भीती बसली, ती पुढे पुरती अशी कधी उठली नाही.

हे चौऱ्याऐंशी सालचं. कुवेंपुनगर तेव्हा वसत होतं. दामोदरचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं घर अगदी शेवटच्या ओळीत होतं. घरापुढे रस्ता, पलीकडे दगड रोवून आखलेले मोकळे प्लॉट, आणि त्यांच्याही पलीकडे नीलगिरीच्या झाडांची लावणी. ती कुणा बाहेरगावच्या मालकाची होती. गुरं आत शिरू नयेत म्हणून तिच्या भोवतीनं खंदक खणलेला होता. दामोदर हेब्बाळच्या कारखान्यात पाळीवर जायचा. पहिली पाळी असली की कंपनीची बस त्याला उजाडायच्या आत घेऊन जायची, आणि मग दुपारी चारपर्यंत घरात सून आणि सासरा दोघंच. सासू सहा वर्षांपूर्वीच गेली होती.

वेंकोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. घोडे गेले, नोकऱ्या गेल्या, घरात मराठी तेवढी राहिली, आणि तीही अशी की वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडात जाऊन टेकायचं. स्वतः वेंकोजीरावांनी बेळगोळच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरमध्ये लाकूड घातलं. ओंडका ओंडक्यावर आपटला की आवाजावरून ते सांगायचे, आतून ओला आहे की वाळलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट हट्टानं धरली. न्हाणीतला तांब्याचा हंडा चुलीवरच तापायचा, आणि त्याचं लाकूड ते स्वतः आणायचे. इतकी वर्षं दुसऱ्यांनी तोडलेलं लाकूड जाळलं, आता आपलं जाळू, असं म्हणायचे. शेजाऱ्यांच्या घरी विजेचे बॉयलर आले तेव्हा दामोदरनंही विषय काढून बघितला. वेंकोजीरावांनी दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा मोठा भारा आणला.

पहिल्या वर्षी ते मोठी कुऱ्हाड घेऊन जात. वाऱ्यानं उन्मळून पडलेलं अख्खं झाड लावणीच्या राखणदाराला विचारून तोडत आणि ओंडके खांद्यावरून आणत. पुढे ओंडके सायकलच्या कॅरिअरवर आले. मग मोठी कुऱ्हाड न्हाणीच्या माळ्यावर गेली आणि हलकी कुऱ्हाड निघाली. मग तीही गेली आणि हातात मच्चू आला. इंदिराच्या माहेरी उसाचा कोयता असतो, त्याचाच हा थोरला भाऊ, जाड पात्याचा आणि टोकाशी वाकलेला. झाडाऐवजी फांदी, फांदीऐवजी डहाळी, असं दरसाल लाकूड बारीक होत गेलं. सायकलही आता चालवायची राहिली नव्हती, फक्त ढकलायची राहिली होती. यातलं काहीच वेंकोजीराव कुणाला बोलले नाहीत. न्हाणीमागच्या भिंतीला ते लाकूड इतकं सुरेख रचायचे की बघणाऱ्यानं बघत राहावं. जाड ओंडक्यांची कापलेली गोल तोंडं पुढे, एकावर एक, छपरापर्यंत.

एकदा दामोदर घरी नसताना इंदिरानं कडेनं हात घालून मागचं एक लाकूड ओढलं. हाताला काडी लागली. दुसरं ओढलं, तीही काडीच. तिनं वाकून फटीतून बघितलं. पुढे ओंडक्यांची एकच ओळ होती, जुनी, बहुतेक काही वर्षांपूर्वीची, आणि तिच्या मागे सगळ्या काटक्या आणि नारळाच्या झावळ्या. ती ओळ त्यांनी कधी जाळलीच नव्हती. मुलाला दिसावी म्हणून ठेवली होती. इंदिरानं काड्या होत्या तशा आत सारल्या आणि कुणी बघितलं नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं. 

त्यानंतर आठवडाभरानं ती परसात कपडे वाळत घालत होती. वेंकोजीराव ठोकळ्यावर झावळीचा देठ धरून तोडत होते. त्यांनी मच्चू वर नेला आणि वरच, डोक्याइतक्या उंचीवर, त्यांचा हात उघडला. मच्चू निसटला असं तिला दिसलं नाही. तिला दिसलं ते एवढंच की पाचही बोटं आपली आपण सुटी झाली, फूल उमलावं तशी. पातं खाली आलं आणि त्यांच्या अनवाणी पायापासून चार बोटांवर मातीत रुतून उभं राहिलं.

दोघंही हलले नाहीत. कुठल्यातरी घरात रेडिओवर कन्नड बातम्या चालू होत्या. वेंकोजीराव आपल्या हाताकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती इंदिरानं त्याआधी फक्त लहान मुलांच्या चेहऱ्यावर बघितली होती.

"दामूला सांगू नको," ते म्हणाले.

तिनं नाही सांगणार म्हणून मान हलवली. मग सगळं धैर्य गोळा करून म्हणाली, "पण मग तुम्हीही तो परत हातात घ्यायचा नाही, मामंजी."

त्यांनी पायाजवळच्या पात्याकडे बघितलं. "सरी," ते म्हणाले. बरं, असा त्याचा अर्थ तिला एव्हाना कळत होता. तिनं मच्चू मातीतून उपसला, पुसला आणि तांदळाच्या पिंपामागे ठेवून दिला.

रात्री दामोदर जेवताना तिनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. महिनाभराच्या सुनेनं सासऱ्याचं गुपित फोडायचं, आणि तेही अशा सासऱ्याचं, की ज्या घरात तिला निम्मं बोलणं कळत नव्हतं तिथे तो एकटाच तिच्याशी सावकाश, थांबून थांबून बोलायचा. शिवाय मच्चू तर आता पिंपामागे आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. भीती मात्र समजली नाही. सकाळी पंचा पिळल्याचा आवाज आला की ती अंथरुणात दुसऱ्या पिळाची वाट बघायची; त्यात थेंब पडला तर पहिल्या पिळाला हाताची पकड कमी पडली, हे आता तिला कळत होतं.

असे बारा दिवस गेले.

संक्रांत होऊन गेली होती. दामोदर पहिल्या पाळीला गेला होता. नऊच्या सुमाराला इंदिरा कणीक मळत असताना वेंकोजीराव स्वयंपाकघराच्या दारात आले. धोतर, तपकिरी स्वेटर, पायात चपला, हातात कापडी पिशवी.

"सौद्याला जाऊन येतो गं," ते म्हणाले. "ऊटाला येतो."

ऊट म्हणजे जेवण, हे ती शिकली होती. आणि सौदे शिकायची तिला गरजच नव्हती. तिचे वडील कोल्हापूरला मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. थंडीत गुळाचे सौदे सुरू झाले की रोज सकाळी कोट चढवून, दारात थांबून, ते याच शब्दांत सांगायचे, सौद्याला जातो. म्हैसूरला आल्यापासून या घरात तिला परकं वाटलं नाही असं ते पहिलं वाक्य. सासरे बाजारात निघाले होते. तिला इतकं बरं वाटलं की ती धीट झाली.

"येताना कोथिंबीर आणा, मामंजी."

वेंकोजीराव थांबले. तिच्याकडे बघितलं, आणि मग चक्क हसले, मोठ्यानं, पुढचा पडलेला दात दिसेपर्यंत. "आणतो की," म्हणाले. "चांगली मोठी जुडी आणतो." आणि हसत हसतच गेले.

यात हसण्यासारखं काय होतं ते तिला कळलं नाही. पण सासरे हसले म्हणून तीही सकाळभर खुशीत होती.

एक वाजता तिनं दोन ताटं मांडली. दीड वाजता ती झाकली. मग फाटकाशी जाऊन उभी राहिली. रस्त्यावरून एक स्कूटर गेली, भाजीवाली गेली, मग बराच वेळ कुणीच गेलं नाही. तिनं मागे वळून सायकलकडे बघितलं. सायकल भिंतीला टेकून जागच्या जागी होती. म्हणजे ते जळणाला नक्कीच गेले नव्हते, जळणाला जायचं तर सायकल लागते. तेवढ्यावर तिनं आणखी अर्धा तास काढला.

मग तिला तो हात दिसायला लागला. बाजारात जायचं म्हणजे बसमध्ये चढायचं, दाराचा दांडा धरायचा. दांडा धरलेली ती बोटं आणि मधेच त्यांचं ते सुटं होणं. ती डोळे मिटायची तरी दिसायचं, उघडायची तरी दिसायचं. अडीच वाजता तिनं कुलूप लावलं, किल्ली मीटरच्या पेटीवर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या शहरात एकटी बसमध्ये चढली. थांब्यागणिक ती खिडकीतून रस्त्यावर बघत होती, कुठे गर्दी जमली आहे का.

देवराज मार्केटात ती दामोदरबरोबर दोनदा गेली होती. तेव्हा कुंकवाचे ढीग आणि शेवंतीच्या माळा बघून हरखली होती. आता त्याच गल्ल्या तिच्या अंगावर यायला लागल्या. प्रत्येक म्हाताऱ्याच्या अंगात तपकिरी स्वेटर होता. ती पुढे जाऊन तोंड बघायची, तो दुसराच कुणी निघायचा, आणि त्याची माफी मागायलाही तिच्याकडे शब्द नसायचा. केळ्यांच्या गल्लीतून भाजीच्या गल्लीत, भाजीच्या गल्लीतून पुन्हा केळ्यांच्या. कोथिंबिरीच्या बाईसमोर ती मुद्दाम थांबली, ते इथे येऊन गेले असतील म्हणून. पण ते येऊन गेले का, हे विचारायचं कसं. बाईनं तिच्यापुढे जुडी धरली आणि ती न घेताच इंदिरा पुढे पळाली.

गुळाच्या वासानं ती सावरली. एका दुकानात ढेपा रचल्या होत्या, मागे गल्ल्यावर एक वयस्कर माणूस बसला होता. वडिलांच्या पेढीतल्यासारखीच गादी, तसाच तक्क्या. सौदे चालतात ती जागा वेगळी असणार, यार्ड वेगळं असणार, हे तिला इतका वेळ सुचलं नव्हतं. तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, सौदे कुठे असतात?

"सौदे?" त्यानं भुवया उंचावल्या. "सौदे बेका?"

बेका म्हणजे पाहिजे का, एवढं तिला येत होतं. तिनं जोरात मान हलवली. त्यानं बाहेर येऊन हात लांब करून दाखवलं, हा रस्ता सरळ, मग डावीकडे, लॉऱ्या उभ्या असतात तिथे. तिला समजलं नाही असं बघून तिकडेच निघालेल्या एका हाराच्या टोपलीवालीला त्यानं काहीतरी सांगितलं आणि ती इंदिराला घेऊन चालू लागली. वाटेत बाई कन्नडात काही विचारत राहिली. इंदिरा मान डोलवत राहिली. तिला घाई झाली होती. आता सापडतील, कुठल्यातरी दुकानात पाणी पीत बसलेले असतील, उशीर झाला म्हणून हसतील.

बाईनं एका पत्र्याच्या फाटकाशी थांबून आत बोट केलं. "नोडी," म्हणाली, "सौदे."

आत लाकडं होती.

माणसाच्या दुप्पट उंचीचे लाकडांचे ढीग होते. फोडलेली, न फोडलेली, सालीची, बिनसालीची, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत. मधल्या मोकळ्या जागेत एक माणूस उघड्या अंगानं ओंडके फोडत होता. कुऱ्हाड वर जायची, खाली यायची. मोठ्या तराजूशी बसलेल्यानं तिच्याकडे बघून किती हवीत असं खुणेनं विचारलं.

 कुऱ्हाड आणखी एकदा वर गेली आणि तेवढ्या वेळात तिला सगळं समजलं. सासऱ्यांच्या हातातली ती पिशवी. बाजाराला नेतात ती पिशवी रिकामी असते, हलकी असते, ही खालून ताणलेली होती. एका अंगानं कापडाला आतून सरळ कड आली होती. सकाळी तिनं ती बघितली होती, पण काय बघतो आहोत हे तिला उमगलं नव्हतं. पिंपामागे हात घालून बघायचं तिला सुचलंच नव्हतं. आणि ते सांगून गेले होते. तिच्याकडे तोंड करून, थांबून, सावकाश सांगून गेले होते.

परत जायला तिनं रिक्षा केली. सव्वाचार झाले होते. सकाळी नऊ ते सव्वाचार. सहानंतर अंधार.

दामोदर फाटकात उभा होता. तिनं रिक्षातून उतरता उतरताच सांगायला सुरुवात केली, आधी शेवटचं, मग पहिलं, मग मधलं. हात कसा उघडला, मच्चू कुठे ठेवला, कुणाला सांगायचं नाही असं कसं ठरलं. तो ओरडेल असं तिला वाटलं. त्यानं घरात जाऊन पिंप बाजूला ओढलं, मागची रिकामी जागा बघितली आणि बाहेर आला.

"किती दिवस झाले?"

"बारा."

त्यानं फाटक उघडलं.  दोघं प्लॉटमधून लावणीकडे धावत निघाली.

नीलगिरीची लावणी बाहेरून लहान दिसते. आत गेलं की तिला अंत नसतो. सगळी झाडं एका जाडीची, सगळ्या ओळी सरळ, आणि कुठल्याही ओळीच्या तोंडाशी उभं राहून बघा, टोकाला तोच पांढरट उजेड. दामोदर "अप्पा" म्हणून हाका मारत होता. इंदिरा "मामंजी" म्हणत होती, पण आवाज मोठा काढायला ती भीत होती. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर काय, यापेक्षा हाक न मारलेली बरी असं तिला वाटत होतं. पायाखाली वाळलेली पानं इतकी वाजत होती की थांबल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं, आणि थांबायचा धीर होत नव्हता.

आधी पिशवी दिसली. एका खुंट्याला अडकवलेली होती, रिकामी. थोडं पुढे काटक्यांचा भारा होता, खाली दोरी पसरलेली, गाठ मारायची राहिलेली. सगळ्या काटक्या एका लांबीच्या तोडलेल्या, जाडीनं करंगळीएवढ्या. दामोदर त्या काटक्यांकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं, वडील अजून ओंडके आणतात. इंदिरा त्या वेळी फक्त एवढंच मागत होती की मच्चू आधी दिसू नये. माणूस आधी दिसू दे.

मग ऐकू आलं. ठक, ठक, ठक. थांबून पुन्हा ठक, ठक, ठक.

"सुतारपक्षी," दामोदर म्हणाला.

"पक्षी मोजून मारत नाही," इंदिरा म्हणाली, आणि आवाजाच्या दिशेनं पळत सुटली.

ते खंदकात होते. पाठीवर पडलेले, एक पाय कमरेपासून भलतीकडे वळलेला. चेहरा चुलीतल्या राखेच्या रंगाचा झाला होता. डाव्या हातात एक काटकी होती आणि तिनं ते शेजारच्या दगडावर ठोकत होते. उजवा हात छातीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घ्यावा तसा. मच्चू त्यांच्यापासून दूर, वर काठावर पडला होता. पुन्हा हात उघडला होता, या खेपेला त्यांनी घाबरून मागे उडी घेतली होती, आणि मागे खंदक होता.

दामोदर घसरत खाली उतरला. वेंकोजीराव त्याच्याकडे बघत नव्हते. ते काठावर उभ्या असलेल्या सुनेकडे बघत होते. रागानं नाही, नवल वाटावं तसं.

"सांगून आलो होतो की गं मी तुला," ते म्हणाले. ओठ कोरडे पडल्यामुळे शब्द एकमेकांना चिकटत होते.

"मला बाजार वाटला, मामंजी. आमच्याकडे सौदे म्हणजे बाजार. गुळाचा."

 दामोदरनं त्यांच्या डोक्याखाली आपला शर्ट घडी करून ठेवला, पाय चाचपून बघितला, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे, कोथिंबीर तुला खरंच पाहिजे होती?"

इंदिरानं मान हलवली.

"मला वाटलं, पोरगी थट्टा करते," ते दामोदरला सांगू लागले, जणू एवढंच सांगायचं राहिलं होतं. "रानातनं कोथिंबीर आण म्हणते. म्हटलं, रुळली आता."

राखणदाराच्या झोपडीतली बाज आणून दामोदर, राखणदार आणि त्याच्या घरची दोघं अशा चौघांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा उजेड जाऊन झाडं एकमेकांत मिसळायला लागली होती. आणखी तासभर उशीर झाला असता तर आपण त्यांच्या शेजारून चालत गेलो असतो आणि आपल्याला कळलंही नसतं, हा विचार इंदिराच्या मनात पुढे कितीतरी वर्षं संध्याकाळी याच वेळेला यायचा.

खुब्याचं हाड मोडलं होतं. तीन महिने ते पलंगावर होते. हाताचं दुखणं मानेतल्या शिरेचं निघालं, आणि ते बरं व्हायचं नाही असंही डॉक्टरांनी सांगितलं. त्या तीन महिन्यांत इंदिरा रोज हंडा तापवत होती आणि न्हाणीमागचा ढीग संपत आला होता. एका रविवारी दामोदर स्वतः न्हाणीमागून लाकूड आणायला गेला तो बराच वेळ परत आलाच नाही. ती बघायला गेली, तर पुढची ओंडक्यांची ओळ काढून तो तिच्या मागच्या काटक्यांसमोर उकिडवा बसला होता. त्याच महिन्यात विजेचा बॉयलर आला. वेंकोजीरावांनी विरोध केला नाही. पहिल्या दिवशी त्या पाण्यानं अंघोळ करून आल्यावर एवढंच म्हणाले, याला आवाजच नाही.

पुढे ते काठी घेऊन घरात आणि अंगणापर्यंत हिंडायला लागले. आणि तेव्हाच त्यांना ती सवय लागली. कुठलीही गोष्ट ते दोनदा सांगायचे. एकदा आपल्या शब्दात, एकदा तिच्या. ऊट झालं का, जेवण. बागलू लाव, दार. सौदे हा शब्द निघाला की जळण म्हटल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. दामोदर चेष्टा करायचा, अप्पा, तुम्ही तर आकाशवाणी झालात, दोन दोन भाषांत बातम्या. ते हसायचे, पण सोडायचे नाहीत. शब्द अडला तर काठी टेकून उभे राहायचे आणि तिचा शब्द आठवेपर्यंत दारातून हलायचे नाहीत. नात जन्मली, कावेरी. ती बोलायला लागली तेव्हा तिला वाटायचं हे सगळे जोडून एकच शब्द आहेत. भूक लागली की ऊटजेवण मागायची.

इंदिरानं त्यांना कधी सांगितलं नाही की मला आता सगळं कन्नड कळतं, एकदाच सांगा. त्यांचं ते दोनदा सांगणं कशामुळे आहे हे तिला ठाऊक होतं. खंदकात सहा तास ते निर्धास्त पडून होते, कारण ते सांगून आले होते. मोडलेल्या पायापेक्षा त्यांना नंतर धसका बसला होता तो याचा, की आपण नीट सांगितलं, समोरच्यानं नीट ऐकलं, आणि तरीही ते पोचलंच नाही. तोच धसका तिलाही होता. ते दारात आले की ती हातातलं काम टाकून त्यांच्याकडे तोंड करायची आणि दोन्ही शब्द ऐकून घेतल्यावरच हूं म्हणायची.

अशी चार वर्षं गेली. अठ्ठ्याऐंशीच्या कार्तिकात एका सकाळी कॉफीचा पेला घेऊन ती बाहेर गेली तेव्हा वेंकोजीराव खुर्चीत मान टाकून बसले होते, ऊन गुडघ्यांपर्यंत आलं होतं, आणि ते गेलेले होते. जेमतेम पाव तास झाला असेल. त्याआधी ते नेहमीसारखे स्वयंपाकघराच्या दाराशी आले होते, तिनं दुधाखालचा गॅस बारीक करून वळून बघेपर्यंत काठी टेकून थांबले होते, आणि मग म्हणाले होते, "जगलीवर बसतो गं. ओसरीत."